लेबलावर बारकोडची नोंद हवी, दुर्मिळतेचा दावा नको

‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या १९८० च्या दशकातल्या एखाद्या अंकाच्या दोन प्रती शेजारी शेजारी ठेवल्या, तर कथा, चित्रे, कागद, जाहिराती आणि छापखाना या साऱ्या बाबतींत त्या एकसारख्याच असतात. फरक असतो तो मुखपृष्ठाच्या डाव्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत. एका प्रतीवर तिथे किराणा दुकानातल्या कोणत्याही डब्यावर असतो तसा बारकोड असतो. दुसऱ्या प्रतीवर त्या बारकोडवर तिरपी रेघ मारलेली असते किंवा बारकोडऐवजी स्पायडर-मॅनचा चेहरा छापलेला असतो. पहिली प्रत न्यूजस्टँडची, म्हणजे वृत्तपत्र-विक्रेते आणि किराणा दुकानांच्या वाटेने विकण्यासाठीची; दुसरी डायरेक्ट एडिशन, म्हणजे कॉमिक्सच्या दुकानांना परत न घेण्याच्या अटीवर थेट पाठवलेली. अमेरिकी कॉमिक्सच्या संग्राहकांत गेली काही वर्षे या चौकटीवरून जो वाद चालला आहे, तो वरवर पाहता हौशी लोकांचा घरगुती वाद वाटतो. परंतु एखाद्या वस्तूच्या वर्णनात काय लिहायचे, कोणी लिहायचे आणि लिहिलेल्या वर्णनाला किंमत कधी चिकटते, हे प्रश्न त्यात गुंतलेले आहेत आणि ते बाजारात उतरणाऱ्या प्रत्येक जुन्या वस्तूला लागू पडतात.

माझे मत आरंभीच सांगतो. प्रत कोणत्या वाटेने विकण्यासाठी छापली गेली, याची नोंद ग्रेडिंग कंपन्यांनी (म्हणजे प्रतीची अवस्था तपासून तिला श्रेणीचे लेबल लावणाऱ्यांनी), किंमत-सूचीकारांनी आणि विक्रेत्यांनी प्रत्येक अंकाबाबत केली पाहिजे, आणि ती दोन्ही प्रकारांची सारख्याच ठळकपणे केली पाहिजे. मात्र त्या नोंदीला ‘दुर्मिळ’ हे विशेषण जोडण्याचा अधिकार, पुरावा हाती येईपर्यंत, यांपैकी कोणालाही नाही. आज बाजारात नेमके उलटे चालले आहे. नोंद अर्धवट होते आणि दावा मात्र मोठ्या अक्षरांत केला जातो.

ही चौकट मुळात संग्राहकांसाठी जन्मलीच नव्हती, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. अमेरिकेत कॉमिक्स अनेक दशके औषधांच्या दुकानांत, किराणा दुकानांत, बस स्थानकांवर आणि नाक्यावरच्या वृत्तपत्र-विक्रेत्यांकडे, तारेच्या फिरत्या रॅकवर विकली जात. या व्यवहारात न खपलेली प्रत परत करून पैसे वळते करून घेण्याची सोय होती. पूर्ण अंक परत पाठवणे खर्चाचे, म्हणून मुखपृष्ठ किंवा त्याची वरची पट्टी फाडून पाठवली तरी चाले. पुढे तर घाऊक वितरकाने ‘इतक्या प्रती नष्ट केल्या’ असे प्रतिज्ञापत्र दिले की काम भागू लागले. प्रतिज्ञापत्रावर चालणाऱ्या व्यवहारात नष्ट केल्याचे सांगितलेल्या प्रती मागच्या दाराने विकल्या जाण्याची वाट किती सोपी होती, हे वेगळे सांगायला नको. १९७० च्या दशकात छापलेल्या प्रतींपैकी निम्म्या न खपता राहणे ही प्रकाशकांच्या दृष्टीने नित्याची गोष्ट होती.

ब्रुकलिनमधील शिक्षक आणि कॉमिक संमेलनांचे आयोजक फिल सुलिंग यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी प्रकाशकांपुढे वेगळा सौदा मांडला. सवलत जास्त द्या, माल थेट छापखान्यातून पाठवा, आणि त्याबदल्यात एकही प्रत आम्ही परत करणार नाही, असा तो सौदा होता. न खपलेला अंक हा दुकानदाराचा जुना साठा बनला आणि जुन्या अंकांचा बाजार त्यावर उभा राहिला. केवळ कॉमिक्स विकणारी दुकाने या सौद्यामुळे तगली. पण त्यातून एक अडचण निघाली. जास्त सवलतीत घेतलेली, परत न करण्याच्या अटीवरची प्रत कोणी न्यूजस्टँडच्या वितरकामार्फत पूर्ण किमतीला परत केली, तर प्रकाशकाला ती ओळखणार कशी? मार्व्हलने १९७९ मध्ये अशा प्रतींवर वेगळी खूण छापायला सुरुवात केली, डीसी कॉमिक्सने १९८० मध्ये. खूण करणे छपाईच्या दृष्टीने फारसे अवघड नव्हते. मुखपृष्ठाची काळ्या शाईची प्लेट बदलली की चौकट बदलत असे. बाकीचे तीन रंग तसेच. म्हणजे ही खूण हिशेब तपासणाऱ्या कारकुनासाठी होती. वाचकाने तिच्याकडे पाहावे, अशी कोणाचीही अपेक्षा नव्हती.

नोंद करण्याला विरोध करणाऱ्यांचा सर्वांत भक्कम युक्तिवाद इथूनच सुरू होतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ते म्हणतात, मजकूर एक, मुद्रण एक, छपाईची फेरी एक. मग केवळ हिशेबाच्या खुणेवरून एका अंकाच्या दोन ‘आवृत्त्या’ का मानायच्या? उद्या कोणी शाईच्या गडद-फिक्या छटेवरून तिसरी आवृत्ती काढील. ग्रंथसूचीच्या शिस्तीने पाहिले तर त्यांचे म्हणणे बरोबरही आहे. दोन्ही प्रती एकाच मुद्रणाच्या आहेत आणि त्यांना स्वतंत्र आवृत्ती म्हणणे हे सैल भाषेचे लक्षण आहे. मला ते मान्य आहे. परंतु आवृत्ती वेगळी नाही, म्हणून फरक नोंदवू नये, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. टपालाच्या तिकिटांचे संग्राहक एकाच छपाईतल्या तिकिटांचे जलचिन्ह आणि कडेची छिद्रे शतकभर नोंदवत आले आहेत. याच कॉमिक्सच्या संग्राहकांनाही बारकावे वर्ज्य नाहीत: टपालाने वर्गणीदाराला पाठवताना उभी घडी घातलेल्या प्रतीवरची घडी ते आवर्जून सांगतात, अंकात दागिन्यांच्या दुकानाची जास्तीची जाहिरात-पुरवणी टाचलेली असेल तर तिचा उल्लेख करतात. १९८३ सालच्या ‘स्पायडर-मॅन’ २३८ मध्ये मुलांसाठी चिकटवायचे टॅटू दिलेले होते. ते हरवले असतील तर प्रत अपूर्ण धरली जाते. ज्या शिस्तीत हरवलेल्या टॅटूला जागा आहे, तिथे मुखपृष्ठावर छापलेल्या खुणेला जागा नसावी, हे तर्काला धरून नाही.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. बारकोड मुखपृष्ठावर उघड दिसतो. ग्रेडिंग केलेली प्रत पारदर्शक प्लास्टिकच्या कवचात असली तरी तो दिसतोच. मग जे डोळ्यांना दिसते ते लेबलावर लिहिण्याचे प्रयोजन काय? घेणाऱ्याच्या हातात एकच प्रत असेल तर प्रयोजन खरोखरच नाही. पण लेबल हे केवळ त्या एका प्रतीवरचे चिठोरे नसते. २००० साली सुरू झालेल्या सीजीसी या ग्रेडिंग कंपनीने तपासलेल्या प्रत्येक प्रतीची मोजणी सार्वजनिकपणे उपलब्ध असते आणि लिलावातल्या विक्रीच्या नोंदीही लेबलावरच्या वर्णनानुसारच एकत्र केल्या जातात. कंपनीचे सर्वसाधारण धोरण दीर्घकाळ असे राहिले की, छापील किंमत किंवा मुखपृष्ठ वेगळे असेल तर फरक लेबलावर यावा. केवळ चौकटीतला फरक असेल तर येऊ नये. परिणामी, गाजलेल्या अंकांच्या हजारो प्रती तपासून मोजल्या गेल्या, पण त्यांतल्या न्यूजस्टँडच्या किती आणि डायरेक्टच्या किती, हे त्या मोजणीवरून सांगता येत नाही. प्रत्येक प्रत एका प्रशिक्षित माणसाच्या हाताखालून गेली, त्याने ती चौकट पाहिली, आणि ती माहिती तिथेच विरून गेली. एवढ्या मोठ्या प्रमाणावर, एवढ्या काळजीपूर्वक झालेल्या मोजणीचा असा अपव्यय क्वचितच झाला असेल.

आणि या मौनाचा फायदा कोणाला झाला, ते पाहण्यासारखे आहे. नोंद केली तर सट्टेबाजी वाढेल, अशी भीती विरोधक घालतात. प्रत्यक्षात नोंद नसल्यामुळेच सट्टेबाजीला मोकळे रान मिळाले. मोजणी नसली की बाजारगप्पांचे आकडे होतात. आज न्यूजस्टँड प्रत विकणारा जवळजवळ प्रत्येक विक्रेता काही टक्केवाऱ्या तोंडपाठ सांगतो. त्यांचा उगम बहुतांशी एका ठिकाणी आहे. कोलोरॅडोतील माइल हाय कॉमिक्स या मोठ्या दुकानाचे मालक चक रोझान्स्की यांनी आपल्या अनुभवावरून एक अंदाज मांडला होता. त्यांच्या मते १९७९ मध्ये डायरेक्ट प्रतींचा वाटा सुमारे ६ टक्के होता, १९८५ च्या सुमारास दोन्ही बाजू समसमान झाल्या, १९९० मध्ये न्यूजस्टँडचा वाटा १५ टक्क्यांवर आला आणि पुढे तो घसरतच गेला. रोझान्स्की या व्यवसायात सुरुवातीपासून आहेत आणि त्यांचा अंदाज दिशेच्या दृष्टीने चुकीचा आहे, असे मी म्हणणार नाही. न्यूजस्टँड आटत गेला आणि डायरेक्ट वाढत गेला, यात शंका नाही. पण तो एका माणसाचा, साऱ्या बाजाराविषयीचा, ढोबळ अंदाज आहे, आणि तो माणूस या प्रतींचा मोठा विक्रेताही आहे. तो अंदाज प्रत्येक अंकाला, प्रत्येक महिन्याला, प्रत्येक प्रकाशकाला जसाच्या तसा लावणे म्हणजे जिल्ह्याच्या सरासरी पावसावरून आपल्या शेतातले पाणी मोजण्यासारखे आहे. लहान मुलांसाठीची, दूरचित्रवाणी मालिकांवर आधारलेली आणि आर्चीसारखी कॉमिक्स किराणा दुकानांतच जास्त खपत. संग्राहकांच्या लाडक्या मालिका कॉमिकच्या दुकानांत. या दोहोंना एकच टक्केवारी कशी लागू पडेल?

त्या टक्केवाऱ्यांवरही विसंबून चालायचे म्हटले, तरी त्या विक्रेत्यांच्या दाव्याला नेहमीच पोषक ठरत नाहीत, ही त्यातली गंमत आहे. जानेवारी १९८१ ही तारीख छापलेला ‘डेअरडेव्हिल’चा १६८ वा अंक घ्या. इलेक्ट्रा या पात्राचे ते पहिले दर्शन, त्यामुळे या अंकाला मागणी मोठी. त्या काळात, वरच्याच अंदाजानुसार, बहुसंख्य प्रती न्यूजस्टँडच्या होत्या. तरीही ‘न्यूजस्टँड, दुर्मिळ’ असे म्हणून त्या प्रतीला जास्त भाव सांगितला जातो. छपाईच्या संख्येत अल्पमतात होती ती डायरेक्ट प्रत. आता यावर कोणी म्हणेल की, दुकानातल्या प्रती संग्राहकांनी पिशव्यांत जपल्या आणि रॅकवरच्या प्रती मुलांनी वाचून, दुमडून, दप्तरात कोंबून संपवल्या, म्हणून आज चांगल्या अवस्थेतली न्यूजस्टँड प्रत कमी सापडते. हे संभवते, किंबहुना बऱ्याच अंकांबाबत ते खरे असावे असे मलाही वाटते. पण हा दावा किती छापल्या याविषयीचा उरत नाही. तो किती टिकल्या आणि कोणत्या अवस्थेत टिकल्या, याविषयीचा होतो, आणि त्याचे उत्तर देऊ शकणारी एकमेव गोष्ट म्हणजे ग्रेडिंगची मोजणी. तीच आपण दोन्ही प्रकार एकत्र कालवून बसलो आहोत.

प्रमाण आणि संख्या यांतला गोंधळही असाच. १९९२ च्या ‘स्पॉन’ मालिकेचा पहिला अंक सुमारे १७ लाख प्रतींनी खपला. त्याच्या बारकोड असलेल्या प्रतीला आज वेगळा भाव मागितला जातो. समजा, केवळ उदाहरणादाखल, त्यांतल्या ५ टक्केच प्रती न्यूजस्टँडच्या होत्या, तरी ती संख्या ८५,००० होते. एखाद्या छोट्या प्रकाशनाच्या साऱ्या अंकांचा एकूण खप मिळूनही कदाचित एवढा भरणार नाही. पाच टक्के म्हटले की कानाला दुर्मिळ वाटते, पंच्याऐंशी हजार म्हटले की वाटत नाही. आणि विक्रीच्या वर्णनात यांपैकी कोणता शब्द येतो, हे सांगण्याची गरज नाही. उलट २०१० नंतरच्या मार्व्हलच्या न्यूजस्टँड प्रतींची गोष्ट वेगळी आहे. तोवर फिरते रॅक जवळपास नाहीसे झाले होते, बार्न्स अँड नोबलसारख्या पुस्तकांच्या मोठ्या दुकानांतच काय ती विक्री उरली होती, आणि २०१३ मध्ये मार्व्हलने ती वाट बंदच केली. त्या शेवटच्या वर्षांतल्या काही प्रती खरोखरच थोड्या असणार. मात्र १९८८ ची प्रत आणि २०१२ ची प्रत एकाच ‘न्यूजस्टँड’ शब्दाखाली, एकाच सुरात विकली जाते, तेव्हा खऱ्या दुर्मिळ प्रतीचेही नुकसान होते.

नोंद करायची तर ती नीट करावी लागेल, कारण खुणा वाटतात तेवढ्या सरळ नाहीत. ‘बारकोड म्हणजे न्यूजस्टँड’ हा नवशिक्यांना दिला जाणारा पहिला धडा १९८० च्या दशकापुरता ठीक आहे. १९९० च्या दशकात कॉमिकच्या दुकानांतही स्कॅनर आले आणि डायरेक्ट प्रतींवरही बारकोड छापले जाऊ लागले. तेव्हापासून नजर मुख्य बारकोडवर नव्हे, त्याच्या उजवीकडच्या छोट्या जोड-पट्टीवर ठेवावी लागते. तिथे दोन आकडे असतील तर ते सहसा महिन्याचे, आणि प्रत न्यूजस्टँडची. पाच आकडे असतील तर पहिले तीन अंकाचा क्रमांक, चौथा मुखपृष्ठाचा प्रकार आणि पाचवा मुद्रण कितवे ते सांगतो, आणि प्रत डायरेक्टची. शिवाय डायरेक्ट प्रतीच्या बारकोडशेजारी बारीक अक्षरांत तसे छापलेलेही बरेचदा सापडते. भिंग न लावता हे वाचता येते. तरीही बारकोड दिसला की ‘न्यूजस्टँड’ लिहून मोकळे होणारे विक्रेते आणि ते वाचून पैसे मोजणारे ग्राहक, दोघेही मुबलक आहेत.

खरी कसोटी १९७७ ते १९७९ या काळातल्या मार्व्हलच्या अंकांची आहे. त्यांतल्या काही प्रतींवर किंमत एका ठसठशीत हिऱ्याच्या आकाराच्या चौकटीत छापलेली आहे आणि बारकोडची जागा कोरी आहे. संग्राहकांनी त्यांना कित्येक वर्षे ‘सुरुवातीच्या डायरेक्ट एडिशन’ म्हटले. पण वेस्टर्न पब्लिशिंग ही कंपनी व्हिटमन या नावाखाली तीन-तीन अंक प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून मोठ्या दुकानांत खेळण्यांसारखे विकत असे, आणि हिऱ्याची चौकट मुख्यतः त्या प्रतींशी जोडली जाते. मार्व्हलने कॉमिकच्या दुकानांसाठीची पद्धतशीर खूण सुरू केली ती त्यानंतर, १९७९ च्या मध्याच्या सुमारास. त्या पिशव्यांचा मालही परत घेतला जात नसे. म्हणजे हिरा एवढेच सांगतो की ही प्रत परत न घेण्याच्या अटीवरची आहे. ती कोणत्या दुकानात विकली गेली, हे तो सांगत नाही. अशा प्रतीवर ‘डायरेक्ट’ असा शिक्का मारणे म्हणजे खुणेकडून तिच्या कुवतीबाहेरची साक्ष काढून घेणे होय.

याच हिऱ्यामुळे किती पैशांची उलथापालथ होऊ शकते, याचे उदाहरण ‘स्टार वॉर्स’च्या १९७७ सालच्या पहिल्या अंकात आहे. त्याची नेहमीची किंमत ३० सेंट होती. मार्व्हलने काही मोजक्या भागांत ३५ सेंट छापून वाढीव किमतीची चाचणी घेतली. त्या प्रती अतिशय थोड्या आहेत आणि त्यांना मोठा भाव येतो. पण त्याच अंकाची पुनर्मुद्रणेही ३५ सेंटची किंमत घेऊन आली, आणि ती आजही ढिगाने मिळतात. चाचणीच्या प्रतीवर किंमत चौकोनात आहे आणि बारकोड शाबूत आहे. पिशवीत विकल्या गेलेल्या पुनर्मुद्रणावर ती हिऱ्यात आहे. केवळ ‘३५ सेंट’ एवढेच वर्णन वाचून पैसे पाठवणारा माणूस कुठे जाऊन पोहोचेल, ते उघड आहे. या अंकाबाबत चौकटीचा आकार लेबलावर नोंदवण्याची गरज कोणीही नाकारत नाही. मग पुढच्या दोन वर्षांच्या अंकांबाबत ती का नाकारली जावी?

कॅनडातल्या प्रतींचा इतिहासही नोंदीच्या बाजूने साक्ष देतो. १९८२ पासून काही वर्षे मार्व्हल आणि डीसी यांनी कॅनडाच्या न्यूजस्टँडसाठी स्थानिक किंमत छापलेल्या प्रती काढल्या. अमेरिकेत ६० सेंटला मिळणाऱ्या मार्व्हलच्या अंकावर तिथे ७५ सेंट छापलेले असे. त्या अमेरिकेतच, त्याच वेळी छापल्या गेल्या, फक्त किंमत वेगळी. ग्रेडिंगच्या लेबलावर त्यांना दीर्घकाळ ‘कॅनेडियन एडिशन’ म्हटले गेले, आणि ते वाचून अनेकांनी ती परदेशात नंतर काढलेली दुय्यम प्रत समजून तिच्याकडे पाठ फिरवली. पुढे लेबल बदलून ‘कॅनेडियन किंमत-प्रकार’ अशा अर्थाचे झाले, तेव्हा तीच प्रत संग्राहकांना हवीहवीशी वाटू लागली. वस्तू तीच, शाई तीच. बदलले ते वर्णन. यातून काहीजण असा बोध घेतात की लेबलाने भाव चढतो, म्हणून लेबल लावावे. मला त्यातून वेगळेच दिसते. चुकीच्या वर्णनाने लोकांची वर्षानुवर्षे दिशाभूल झाली, आणि ते वर्णन दुरुस्त करण्यासाठी कोणत्याही नव्या संशोधनाची गरज नव्हती. मुखपृष्ठावर छापलेले जसेच्या तसे लिहिणे पुरेसे होते.

मराठी वाचकाला हा प्रश्न अगदीच परका नसावा. आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्सचा वेताळ आणि मॅन्ड्रेक मराठीतही वाचले गेले, ते वृत्तपत्र-विक्रेत्याकडून आणि रेल्वे स्थानकावरच्या स्टॉलवरून. आणि आज त्यांचे जुने अंक भाव खातात. त्या अंकांवर विक्रीच्या वाटेची खूण नाही, त्यामुळे कोणती प्रत कुठून आली हे कळण्याची सोयच उरलेली नाही. अमर चित्र कथेच्या पुनर्मुद्रणांचा काळ ठरवताना तर मुखपृष्ठावरची किंमत, प्रकाशकाचा पत्ता असल्या गोष्टींचा आधार घ्यावा लागतो. ज्या बाजारात खूण छापलेलीच आहे, तिथल्या लोकांनी ती लिहून ठेवण्याचा कंटाळा करावा, याचे इथून पाहणाऱ्याला थोडे नवलच वाटते.

कंटाळा म्हणण्याचे कारण असे की, या गोष्टीला आता घाईही आहे. मासिकांना टपालाची सवलत मिळण्यासाठी वर्षातून एकदा खपाचे विवरण अंकात छापावे लागे. किती प्रती छापल्या, किती विकल्या, किती परत आल्या, हे आकडे जुन्या कॉमिक्समध्ये त्यामुळे सापडतात. पण त्यांवरूनही विशिष्ट अंकाच्या न्यूजस्टँड आणि डायरेक्ट प्रतींची स्वतंत्र छपाई निघत नाही, आणि वितरकांच्या जुन्या वह्या कुठे, कशा टिकल्या असतील, याचा भरवसा धरता येत नाही. डीसीने २०१७ मध्ये न्यूजस्टँडची वाट सोडली. डायरेक्ट बाजारावर दोन दशकांहून अधिक काळ एकहाती पकड ठेवणारी डायमंड ही वितरण कंपनी जानेवारी २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली. या परिस्थितीत उरलेल्या प्रती हाच मुख्य पुरावा आहे, आणि तो पुरावा दररोज कोणाच्या तरी टेबलावर तपासला जात आहे.

म्हणून मागणी साधी आहे. लेबलावर खुणेचे वर्णन यावे, आणि ते न्यूजस्टँड व डायरेक्ट या दोन्ही प्रकारांचे यावे. कारण केवळ न्यूजस्टँडचा उल्लेख केला, तर न लिहिलेली प्रत ‘साधी’ आणि लिहिलेली ‘खास’ असा समज आपोआप होतो, आणि १९७९ ते १९८२ या काळापुरता तो वस्तुस्थितीच्या उलट आहे. ज्या खुणेवरून विक्रीची वाट ठरत नाही, तिथे ती ठरत नाही असेच लिहावे. ‘आवृत्ती’ हा शब्द टाळता आला तर उत्तम, पण तो रूढ झाला आहे आणि त्यावर अडून बसण्यात हशील नाही. आधी कवचबंद झालेल्या प्रतींचे लेबल बदलण्याची सक्ती नसावी. त्यांचे मुखपृष्ठ दिसतेच, आणि मालकाने छायाचित्र पाठवून सार्वजनिक मोजणीतला आपला आकडा योग्य रकान्यात नेण्याची सोय कंपनीने फुकट द्यावी. किंमत-सूचीकारांनी मोजणीचे आकडे येईपर्यंत दोन प्रकारांना दोन भाव छापू नयेत; छापील किंमतच वेगळी असेल तर गोष्ट निराळी. आणि विक्रेत्यांनी, किमान जे स्वतःला या विषयाचे जाणकार म्हणवतात त्यांनी, १९७८ सालची हिऱ्याच्या चौकटीची प्रत विकायला काढताना ‘अतिदुर्मिळ सुरुवातीची डायरेक्ट एडिशन’ असे न लिहिता एवढेच लिहावे: किंमत हिऱ्यात, बारकोडची जागा कोरी, परत न घेण्याच्या अटीवरची प्रत, मूळ विक्रीचे ठिकाण अज्ञात.